बौद्ध जपानच्या ताटात मांस कसं?

प्रश्न : जपानी लोक बौद्ध, मग ते मांस खायला कधी लागले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पूर्णपणे सोडलं होतं कधी? इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला मनाई केली, तीही चौथ्या ते नवव्या महिन्यापुरती. म्हणजे शेतीच्या हंगामात! अहिंसेइतकीच नांगराच्या बैलाची काळजी त्यात असावी, असं माझं मत. हरीण आणि रानडुक्कर त्या यादीत नव्हते; मासे तर नव्हतेच.

खरं व्रत पाळलं ते झेन या बौद्ध पंथाच्या मठांनी. आपल्या चातुर्मासासारखा कांदा-लसूणही वर्ज्य, सगळी मदार टोफू (सोयाबीनचं पनीर), तीळ आणि भाज्यांवर. भिक्षू दोगेनने तर १२३७ मध्ये मठाच्या मुख्य आचाऱ्यासाठी नियम लिहून ठेवले.

वर्गभेद मात्र भातात दिसतो. एदो काळात (१६०३ ते १८६८) शेतसारा तांदळात भरायचा, त्यामुळे तो पिकवणारा शेतकरी बरेचदा जव आणि भरडधान्य मिसळून पोट भरायचा. शहरातल्या सुखवस्तूंना सडीक तांदळाचा पांढराशुभ्र भात, आणि त्यापायी बेरीबेरी हा जीवनसत्त्व ब-१च्या अभावाचा आजार.

मेलेली गुरं सोलणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या जातींना अस्पृश्य मानत. कायद्याने तो दर्जा १८७१ मध्ये रद्द झाला आणि १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं. सम्राटामुळे गोमांस लवकरच प्रतिष्ठित झालं. त्या जातींच्या वंशजांना लग्नात आणि नोकरीत नकार मिळणं पुढे विसाव्या शतकातही चालूच राहिलं.