दृढीकरणाच्या आधी

प्रिय बाळा, सप्रेम सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. पुढच्या महिन्यात तुझे दृढीकरण आहे, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी इतरांनी तुझ्या वतीने दिलेला होकार तू आता स्वतःच्या तोंडाने मंडळीपुढे देणार आहेस, आणि तू विचारतोस की, ज्या देवाने मला घडवले, दहा आज्ञा दिल्या आणि त्या मोडल्यास न्यायाची ताकीदही दिली, त्याच्यापुढे मी उच्चारलेल्या होकाराला स्वेच्छा कसे म्हणायचे. गळ्याला सुरी लावून मागितलेला होकार, असे तू त्याला म्हटले आहेस. असे प्रश्न विचारू नयेत, असे कोणी तुला सांगितले हे वाचून मला वाईट वाटले. प्रश्न रास्त आहे. तू तो उलट्या टोकाने धरला आहेस, एवढेच.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय पुन्हा उघड. पहिल्या आज्ञेच्या आधी एक वाक्य आहे आणि पाठांतराच्या घाईत आपण नेमके तेच गाळतो: देव म्हणतो, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले. आधी सुटका झाली, मग आज्ञा आल्या. शब्बाथाचीच, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा घे. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तिचे कारण दिले आहे ते हेच, की तू मिसरात दास होतास. मिसरच्या राजाच्या, फारोच्या, विटा पाडणाऱ्याला एक दिवस हात थांबवण्याची मुभा नव्हती, त्यामुळे त्याला ‘विसावा घे’ असे सांगण्यात काही अर्थही नव्हता. जो ‘नाही’ म्हणू शकतो त्यालाच आज्ञा करता येते. सुरी लावणाऱ्याला तुझ्या खिशातले हवे असते. शब्बाथ मात्र मनुष्यासाठी झाला, असे प्रभू स्वतः सांगतो.

यावर तू जर्मन धर्मसुधारक ल्यूथरला पुढे करशील, हे मला ठाऊक आहे. जीवन निवड, असे शास्त्र म्हणते, त्या अर्थी माणसाला निवडता येत असले पाहिजे, असे त्याच्या काळातल्या इरॅस्मस या विद्वानाने 1524 मध्ये मांडले. त्यावर ल्यूथरने 1525 मध्ये उत्तर दिले की, आज्ञा माणसाने काय करावे ते सांगते, त्याला काय करता येते ते सांगत नाही, उलट त्याची असमर्थताच त्याला दाखवून देते. हे उत्तर हलके नाही. जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही, हे रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातले पौलाचे कण्हणे ज्याने स्वतःच्या घरात रोज ऐकले आहे, त्याला ल्यूथर खोडून काढता येत नाही. ‘तू जे आज्ञापितोस ते तूच दे, मग हवे ते आज्ञाप,’ अशी प्राचीन मंडळीतला बिशप ऑगस्टिन याची प्रार्थना होती, आणि माणूस स्वतःच्या बळावर आज्ञा पाळू शकतो असे मानणारा पेलागियस ती ऐकून चिडला होता. मी ऑगस्टिनच्या बाजूचा आहे. कृपेवाचून मला पाऊल उचलता येत नाही, हे मी मान्य करतो. पण कृपा मला ओढत नेते, हे मात्र कधीच मान्य करणार नाही, कारण ओढून नेलेल्याला आज्ञेची गरज नसते. पुन्हा सांगतो: जो ‘नाही’ म्हणू शकतो त्यालाच आज्ञा करता येते.

मार्काच्या दहाव्या अध्यायातला तो धनवान आठव. तो धावत येतो, गुडघे टेकतो, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्या असे सांगतो. येशू त्याच्याकडे निरखून पाहतो आणि त्याच्यावर प्रीती करतो, असे मार्क मुद्दाम लिहितो, आणि त्यानंतर आज्ञा येते: सगळे विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला मागून हाक मारत नाही, अट सौम्य करत नाही, शापही देत नाही. त्या पाठमोऱ्या माणसाला जाऊ देणारा देव तुला ठाऊक नसेल, तर तुझे दृढीकरण खुशाल पुढे ढकल.

आपल्याच मातीतल्या पंडिता रमाबाईंना विसरू नकोस. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ज्यांनी त्यांना मायेने जवळ केले होते त्यांनाच पत्रांतून ठणकावले की, इथल्या पुरोहितांच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटून मी दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही. याच बाईंनी पुढे देवाच्या आज्ञेपुढे सारे आयुष्य वाहिले आणि हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणले. त्यांच्या नकाराला किंमत होती म्हणून त्यांच्या होकारालाही आली.

माझ्या होकाराला ती नव्हती. मी सतरा वर्षांचा होतो. नव्या सदऱ्याची खळ मानेला टोचत होती आणि दुसऱ्या बाकावरून वडिलांचा खोकला ऐकू येत होता. बिशपांनी प्रश्न विचारला तेव्हा मी त्या खोकल्याला उत्तर दिले. त्यानंतर अकरा वर्षे मी प्रभुभोजनाला जात होतो आणि दर वेळी प्याला हाती घेताना चोरी केल्यासारखे वाटत होते. म्हणूनच माझ्या मुलीने सोळाव्या वर्षी ‘मला नको’ म्हटले तेव्हा मी तिला एका शब्दानेही अडवले नाही. घरचे आणि मंडळीतले लोक म्हणाले, बापाने कच खाल्ली. ती आज चाळिशीला आली आहे आणि अजून उपासनेला येत नाही. रात्री कधीतरी मनात येते की थोडा आग्रह धरला असता तर! पण त्या धनवानाला मागून हाक न मारणाऱ्यापेक्षा मी शहाणा ठरलो असतो का? नाही. मी चुकलो नाही. तिच्यासाठी रोज प्रार्थना करतो, आणि हाक मारत नाही.

तेव्हा मला एवढेच कळव की, प्रश्न तुला खरेच अडवतो आहे, की वडिलांना ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य नाही म्हणून तू देवाशी वाद उकरून काढला आहेस. दुसरे असेल तर ते आजच त्यांना सांग, वेदीपुढे गुडघे टेकण्याची वाट पाहू नकोस. एकट्याने जमणार नसेल तर शनिवारी संध्याकाळी ये. आपण दोघे मिळून तुझ्या घरी जाऊ, आणि बोलशील मात्र तू.

प्रभूमध्ये तुझा,
काका