वादळ सरल्यावरचा पहिला दिवस

प्रश्न : आम्ही पुण्याचे चौघेजण फेब्रुवारीत गुलमर्गला जातोय. चौघांचाही स्कीइंगचा कोर्स झालाय. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तर गोंडोलाने (रोपवेने) अफरवाट डोंगरावर चढून गस्तीपथकाच्या हद्दीबाहेरच्या उतारांवर जावं का? तिथे आधी गेलेल्यांच्या स्कीच्या रेघा दिसल्या, तर उतार सुरक्षित समजायचा का?

उत्तर : रेघांचं आधी सांगतो. त्यांवर अजिबात विसंबू नका. बर्फातला कच्चा थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. पाचजण गेले तिथे त्याच्यावर मीटरभर बर्फ असतो, आणि चार पावलांवर, खडकाजवळ, तोच थर फूटभर खाली. सहावा नेमका तिथून जातो, तडा उतारभर धावतो आणि वरच्या बर्फाची अख्खी लादी सुटते, म्हणजेच हिमस्खलन होतं.

पश्चिमी झंझावातात बर्फाबरोबर वाराही येतो. तो माथ्यापलीकडचा बर्फ उचलून अलीकडच्या खोलगट उतारांत भरतो. म्हणून हॉटेलच्या अंगणात ३० सेंटीमीटर बर्फ असला, तरी माथ्याखाली तो मीटरभरही असू शकतो. हे ओझं कशावर बसलंय, ते पाहा. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर उणे १५ आणि बर्फ ५० सेंटीमीटर जाड असेल, तर दर १० सेंटीमीटरला ३ अंशांचा फरक पडतो. १ अंशाच्या वर फरक गेला की वाफ झपाट्याने वर सरकते आणि कणांचे सुटे, टोकदार दाणे होतात. मुठीत दाबून पाहा : गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांतून गळतात. हाच तो कच्चा थर.

त्यामुळे पहिले २४ ते ४८ तास ३० अंशांहून कमी उतारावरच राहा, आणि डोक्यावरही तीव्र उतार नको. लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांवर सुटतात. अंदाजाने ठरवू नका, मोजा. १२० सेंटीमीटरची काठी आडवी धरून तिचं एक टोक उताराला टेकवा. मोकळ्या टोकापासून खाली बर्फापर्यंतचं अंतर ७० सेंटीमीटर भरलं, तर उतार ३० अंशांचा. ताजा बर्फ एक-दोन दिवसांत बसतो. साखरेचा थर मात्र कित्येक आठवडे तसाच दगा देतो.

पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, स्कीच्या टोकापासून तडे गेले किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर तिथूनच मागे फिरा. खड्डा खणून थर तपासत बसू नका. उत्तर मिळालेलं आहे.

गोंडोलाचा दुसरा टप्पा साधारण ३,९५० मीटरवर सोडतो. तिथून गस्तीपथकाची हद्द ओलांडायला काही मिनिटं पुरतात, आणि पलीकडचे उतार कुणी तपासलेले नसतात. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवाटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, फेब्रुवारी २०२४मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. हिमस्खलनाचा इशारा रोज पाहा. पाच पातळ्यांतली तिसरी म्हणजे ‘मध्यम’ समजण्याची चूक फार होते. त्या पातळीवर एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते.

प्रश्न : बीकन (गाडलेल्याला शोधण्यासाठी संदेश पाठवणारं आणि पकडणारं यंत्र) भाड्याने घेतलं की पुरे ना?

उत्तर : नाही. बीकन, प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब सळई) आणि धातूचं फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. गाडलेल्याचं बीकन तुम्ही शोधणार, तुमचं इतर शोधणार. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेकजण वाचतात. नंतर शक्यता झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते.

निघताना प्रत्येकाचं बीकन प्रक्षेपण करतंय आणि पकडतंयही, हे तपासा. मोबाइल बीकनपासून २० सेंटीमीटर लांब ठेवा, शोधताना ५०. शेवटच्या टप्प्यात बीकन न वळवता, बर्फाला टेकवून आडव्या-उभ्या रेषेत सरकवा. सर्वांत कमी आकडा दिसेल तिथून २५ सेंटीमीटरच्या अंतराने चक्राकार प्रोब टोचत जा. माणूस लागला की प्रोब तसाच राहू द्या आणि उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून आत खणा. थेट वरून खणलं की काढलेला बर्फ परत खड्ड्यात पडतो आणि गाडलेल्याच्या छातीवर तुमचंच वजन येतं. चौघांनी जाण्याआधी पुण्यातल्या एखाद्या मैदानावर बीकन लपवून हा सराव करा. शोधण्याचा भाग तिथेही पक्का होतो.

उतार एकेकाने उतरायचा. बाकीच्यांनी स्खलनाच्या वाटेबाहेर थांबून नजर ठेवायची.

प्रश्न : चढताना स्कीखालच्या स्किन (मागे घसरू नये म्हणून चिकटवायच्या पट्ट्या) सारख्या सुटतात. काय करावं?

उत्तर : गोंदावर बर्फ बसला असेल. लावण्याआधी स्की कोरडी पुसा. काढलेल्या स्किन पिशवीत नाही, जॅकेटच्या आत ठेवा. सोबत दोन पट्टे असू द्या, बांधता येतात.