६० पाउंडांच्या बिनचा राग आणि ४८० पाउंडांची व्हॅन

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये मिडलँड्सला राहणाऱ्या एका वाचक ताईंच्या घरात पाच माणसं आहेत: त्या, त्यांचे मिस्टर, सासूबाई, शाळेत जाणारा मुलगा आणि दहा महिन्यांचं बाळ. कौन्सिल टॅक्स (म्हणजे कौन्सिल, तिथली नगरपालिका, घरांवर घेते तो कर) वर्षाला २,४०० पाउंड, म्हणजे २४० पाउंडांचे दहा हप्ते. काळी बिन, म्हणजे साध्या कचऱ्याचा डबा, दोन आठवड्यांतून एकदा उचलतात, आणि गेल्या सहा महिन्यांत ती चार वेळा उचललीच नाही. रिसायकलिंगच्या बिनला दोनदा लाल स्टिकर लावून ती भरलेली दारात सोडून गेले. वर आता बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या बिनसाठी वर्षाला ६० पाउंड मागितले आहेत. घरात साचलेला कचरा एक व्हॅनवाला दर महिन्याला ४० पाउंड रोख घेऊन नेतो. ताई विचारतात: निषेध म्हणून कौन्सिल टॅक्सचं डायरेक्ट डेबिट बंद करू का? हिरव्या बिनचे पैसे भरू का? की मिस्टर म्हणतात तसं, हिरवी बिन अजून फुकट असलेल्या शेजारच्या कौन्सिलमध्ये घर बघू? जाता जाता त्यांनी लिहिलंय की वसंतात दोघं ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करणार आहेत.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे. डायरेक्ट डेबिट बंद करू नका.

तुमचा राग खोटा नाही. पण कौन्सिल टॅक्स हा कर आहे, कचरा उचलण्याचं बिल नाही. सेवा मिळाली नाही म्हणून तो अडवून धरता येत नाही आणि न्यायालयात ही सबब चालत नाही. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि थकबाकी भरायला ७ दिवस मिळतात. तेवढ्यात भरली नाही, की आणखी ७ दिवसांनी हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च तुमच्या बिलात, आणि त्यानंतर लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे तुम्ही हे पैसे देणं लागता असा कोर्टाचा आदेश. ती मिळाली की कौन्सिल पगारातून परस्पर पैसे कापून घेऊ शकते किंवा वसुलीवाले दारात पाठवू शकते. ही ऑर्डर सहसा क्रेडिट फाइलवर दिसत नाही, हे खरं. म्हणूनच कोणीतरी तुम्हाला ‘काही होत नाही’ असं सांगितलं असावं. पण नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्य तपासताना कर भरले आहेत की नाही हे पाहतात, आणि त्यात कौन्सिल टॅक्सही येतो. इतकी वर्षं व्हिसाचे पैसे, हेल्थ सरचार्ज, परीक्षा असं सगळं पार पाडून शेवटच्या टप्प्यावर २४० पाउंडांच्या हप्त्यासाठी स्वतःच्या अर्जात खोट काढून द्यायची?

बर्मिंगहॅमकडे बघा. तिथे जानेवारी २०२५ मध्ये सफाई कामगारांचा संप सुरू झाला, मार्चपासून तो बेमुदत झाला आणि रस्त्यांवर काळ्या पिशव्यांचे ढीग लागले. त्याच वर्षी, २०२५-२६ साठी, तिथला कौन्सिल टॅक्स सरकारच्या खास परवानगीने ७.४९ टक्क्यांनी वाढला. त्याच्या आदल्या वर्षी ९.९९ टक्क्यांनी वाढला होता. कचरा पडून राहिला म्हणून कोणाचा कर माफ झाला नाही.

हप्ता जड जात असेल तर गोष्ट वेगळी. दहाऐवजी बारा हप्ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तसं केलंत तर तुमचा हप्ता २०० वर येईल.

आता ६० पाउंडांकडे येऊ. पत्रात सगळ्यात जास्त शाई याच आकड्यावर सांडली आहे. ‘इतका टॅक्स घेऊन पुन्हा हे कशाला?’ कारण असं की घरचा साधा कचरा कौन्सिलला फुकट उचलावाच लागतो, पण बागेच्या कचऱ्यासाठी आणि मोठ्या सामानासाठी पैसे घ्यायला कायदा परवानगी देतो. शिवाय सामाजिक सेवा सांभाळणाऱ्या कौन्सिलला वर्षाला साधारण ५ टक्क्यांहून जास्त कर वाढवायचा असेल तर सार्वमत घ्यावं लागतं. दुसरीकडे खर्च चढतच राहतो. १९९६ मध्ये लँडफिल टॅक्स, म्हणजे कचरा जमिनीत पुरण्यावरचा कर, टनाला ७ पाउंडांनी सुरू झाला, तो २०२५-२६ मध्ये १२६.१५ पाउंडांवर पोचला. आता पुष्कळसा कचरा पुरण्याऐवजी जाळून वीज करतात, पण ते कारखानेही टनामागे पैसे घेतातच. कर वाढवायला मर्यादा आणि शुल्क घ्यायला मुभा, मग कौन्सिल शुल्काकडे वळणारच. मला हे फारसं आवडत नाही, कारण ज्याला बाग नाही आणि ज्याला आहे त्यांच्यातला न्याय साधताना पेन्शनवर जगणारे, स्वतः गाडी न चालवणारे लोक भरडले जातात. तुमची परिस्थिती मात्र तशी नाही.

तुमच्यासाठी हा निव्वळ हिशेब आहे. तुमच्या माहितीपत्रकाप्रमाणे वर्षात २० वेळा हिरवी बिन उचलतील, म्हणजे खेपेला ३ पाउंड. पण तुम्हीच लिहिता की बाग लहान आहे आणि बिन फार तर सहा वेळा भरते. मग एका भरलेल्या बिनला १० पाउंड पडले. टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा केंद्रावर, बागेचा कचरा रहिवाशांना फुकट टाकता येतो. तुमच्यापासून टिप ४ मैलांवर आहे, जाऊनयेऊन ८ मैल. मैलाला ४५ पेन्स धरले तर खेपेला ३ पाउंड ६० पेन्स, सहा खेपांचे २१ पाउंड ६० पेन्स. वेळेची किंमत धरली तर फरक जवळपास मिटतो. मिस्टरांना शनिवारी सकाळी टिपवर जायला आवडत असेल (असे लोक असतात, माझ्या ओळखीत बरेच आहेत) तर बिन घेऊ नका. आवडत नसेल तर घ्या आणि विषय सोडा. तिसरा मार्ग म्हणजे भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्यांशी बोलून एकच बिन दोघांत घ्या, ३०-३० पाउंडांत काम होईल. आधी कौन्सिलच्या अटी वाचा, काही ठिकाणी बिन ज्या पत्त्यावर नोंदली तिथेच ठेवावी लागते. सासूबाई बागेत रमतात असं लिहिलंय, म्हणून कंपोस्ट बिनचाही विचार करा. बऱ्याच कौन्सिल त्या सवलतीत देतात. गवत आणि पुठ्ठ्याचे तुकडे त्यात जिरतात, गुलाबाच्या जाड फांद्या नाही जिरत.

या सगळ्यात वर्षाला जास्तीत जास्त ३०-४० पाउंडांचा फरक आहे. आणि त्याच पत्रात, कंसात, तुम्ही व्हॅनवाल्याचं लिहिलंत. महिन्याला ४० म्हणजे वर्षाला ४८०. पाच वर्षांत त्याला तुमच्या एका अख्ख्या वर्षाच्या कौन्सिल टॅक्सएवढे पैसे जातील. तेही रोख, पावतीशिवाय.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी पुढच्या गोष्टीची वाटते. तुमच्या घरचा कचरा योग्य माणसाकडे जातोय ना, हे बघणं कायद्याने तुमचं काम आहे. त्याने तो एखाद्या शेताच्या बांधावर ओतला आणि त्यात तुमच्या नावाचं एखादं पाकीट सापडलं, तर शोध घेणारे आधी तुमच्या दारात येतात. परवाना न तपासता कचरा दिल्याबद्दल घरात राहणाऱ्याला ६०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पर्यावरण एजन्सीच्या वेबसाइटवर कचरा वाहणाऱ्यांची नोंदवही आहे, नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून दोन मिनिटांत बघता येतं. तुमचा व्हॅनवाला त्यात नसेल तर आजपासून त्याला कचरा देणं बंद करा. असेल तर पावती घ्या, गाडीचा नंबर टिपून ठेवा.

पण त्याला बोलवायची वेळ का येते? काळी बिन पुरत नाही म्हणून. आणि ती पुरत नाही त्याची कारणं तुमच्याच पत्रात आहेत. पाच माणसं आणि डायपरमधलं बाळ असलेल्या घराला पुष्कळ कौन्सिल मोठी किंवा जादा काळी बिन देतात, काही ठिकाणी डायपर वेगळे उचलतात. ते आपणहून कोणी देत नाही, अर्ज करावा लागतो. तुम्ही केल्याचं पत्रात दिसत नाही. दुसरं म्हणजे फूड कॅडी, अन्नाच्या कचऱ्याचा छोटा डबा. ३१ मार्च २०२६ पासून इंग्लंडमधल्या बहुतेक घरांतून दर आठवड्याला अन्नाचा कचरा उचलायची सक्ती कौन्सिलवर आली. तुमच्याकडे कॅडी आली, पण ‘वास येतो’ म्हणून शेडमध्ये पडून आहे. अहो, वास येणारा कचरा दर आठवड्याला न्यायला कोणी येतंय आणि तुम्ही तो काळ्या बिनमध्ये दोन आठवडे ठेवताय! भाजीचे देठ, चहाचा चोथा, ताटातलं उरलेलं, हाडं, सगळं कॅडीत जाऊ द्या. काळी बिन किती हलकी होते बघा.

लाल स्टिकर बहुधा प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आणि पाकिटांमुळे लागला असणार. ती सगळीकडे रिसायकलिंगमध्ये घेण्याची मुदत ३१ मार्च २०२७ आहे. तोवर तुमच्या कौन्सिलची यादी फ्रिजवर लावा. एका चुकीच्या पिशवीमुळे अख्खी बिन नाकारली जाते आणि ती भर मग पुन्हा काळ्या बिनवर येते.

चुकलेल्या फेऱ्यांचा पाठपुरावा मात्र सोडू नका. बहुतेक ठिकाणी एकदोन कामाच्या दिवसांत ऑनलाइन कळवलं तरच तक्रार धरतात. शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलेलं कौन्सिलपर्यंत पोचत नाही. दर वेळी कळवा, तारीख आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. वारंवार चुकलं तर औपचारिक तक्रार करा. कौन्सिलचं अंतिम उत्तर पटलं नाही तर स्थानिक शासन आणि सामाजिक सेवा लोकपालांकडे जाता येतं. तिथे पैसे लागत नाहीत, पण तुम्हाला अडचण कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. हिरवी बिन घेतलीत आणि तिच्या फेऱ्या चुकल्या तर मात्र ती तुम्ही पैसे मोजून घेतलेली सेवा आहे, तिथे परतावा जरूर मागा.

राहिलं घर. मिस्टरांना सांगा, तुम्ही बघताय तसं ४ लाख पाउंडांचं घर घेतलं तर आजच्या दराने १०,००० पाउंड नुसती स्टॅम्प ड्युटी बसते. वकील, सर्वेक्षण आणि एजंट वेगळे. शाळेसाठी किंवा जास्तीच्या खोलीसाठी हलायचं असेल तर मला पुन्हा लिहा, तेव्हा गृहकर्जाचे आकडेही पाठवा. शेजारचं कौन्सिल पुढच्या एप्रिलमध्ये हिरव्या बिनला शुल्क लावणार नाही, याची हमी मात्र कोणी देणार नाही.

या आठवड्यात मोठ्या बिनचा अर्ज करा. व्हॅनवाल्याचे वाचलेले ४० पाउंड नागरिकत्वाच्या फीसाठी वेगळ्या खात्यात टाकायला लागा, कारण दोघांची मिळून ती रक्कम या सगळ्या बिनांपेक्षा कितीतरी मोठी आहे.