हजेरीवही भरली, फरक किती पडला?

अनुदानातून घेतलेल्या करिअर कार्यशाळांचं यश कसं मोजायचं, अशी विचारणा करणारी चार पत्रं या वेळी आली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या अडचणींचं मूळ तिथंच आहे.

प्रश्न : उद्यमबाग आणि मच्छे भागात एक ते चार वर्षं नोकरी झालेल्या 40 मुलामुलींसाठी आम्ही तीन रविवार कार्यशाळा घेतली. पैसे एका कंपनीच्या सीएसआर निधीतले, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेले. कंपनी आता विचारते, यश किती? आमच्याकडे हजेरीवही, फोटो आणि अभिप्रायाचे कागद आहेत. अभिप्रायाची सरासरी 5 पैकी 4.6 आहे. एवढं पुरेल का? — कार्यवाह, युवक संस्था, बेळगाव

उत्तर : नाही पुरणार. हजेरी म्हणजे तुम्ही केलेलं काम, त्यातून मुलांच्या आयुष्यात काय बदललं ते वेगळं. आणि शेवटच्या दिवशी, जेवण झाल्यावर, शिकवणारे सर समोर उभे असताना भरलेल्या कागदावर बहुतेक वेळा चांगलेच गुण पडतात. त्यातून चहा-जेवण आणि बोलणं आवडलं एवढंच कळतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, आणि शेवटी हाती काय आलं. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. पुढच्या तुकडीला उरलेल्या तिन्ही मोजायच्या असतील तर तयारी पहिल्या रविवारच्या आधी व्हायला हवी. आधीची नोंदच नसेल तर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघणार?

नावनोंदणीच्या वेळीच एक पानाचा अर्ज भरून घ्या. त्यात सध्याचं काम, किती महिने झाले, महिन्याला हातात किती पडतात, पीएफ कापतात का, आणि मागच्या 30 दिवसांत किती ठिकाणी अर्ज केला, किती मुलाखती दिल्या, एवढंच विचारा. ‘तुमचा आत्मविश्वास किती?’ हा प्रश्न मोजणीत फसवतो. सुरुवातीला मुलगा स्वतःला 4 गुण देतो, शिकल्यावर आपल्याला काय येत नाही ते कळतं आणि तोच 3 देतो. कागदावर कार्यशाळेनं नुकसान केल्यासारखं दिसतं. हा प्रश्न विचारायचाच असेल तर शेवटच्या दिवशी दोन्ही एकदम विचारा: आज किती, आणि आता मागं वळून बघता तेव्हा किती होता?

शिकले का हे बघायला बायोडाटा सगळ्यांत सोपा. पहिल्या दिवशी आणलेला एक, शेवटच्या दिवशी लिहिलेला एक. नावं झाका, मागं फक्त क्रमांक घाला, आधीचे-नंतरचे मिसळा आणि दोन परीक्षकांकडून वेगवेगळे 10 पैकी गुण घ्या. आधीचा कुठला, नंतरचा कुठला हे त्यांना कळता कामा नये. पाच मुद्दे, प्रत्येकी 2 गुण. त्यात सगळ्यांत मोलाचा मुद्दा म्हणजे आपलं काम आकड्यात सांगता आलं का. ‘सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशिनीवर) काम केलं’ एवढंच लिहिलं तर शून्य. किती मशिनी सांभाळल्या, शिफ्टला किती नग काढले, रिजेक्शन किती होतं, सेटिंग स्वतः करतो का, हे लिहिलं तर 2. दोघा परीक्षकांच्या बेरजेत 2 पेक्षा जास्त फरक आला तर त्यांना एकत्र बसवा. बहुतेक वेळा मुद्दाच धूसर लिहिलेला सापडतो.

झालेल्या तुकडीचं काय? जुने बायोडाटा कुणाच्या मेलमध्ये असतील तर मिळवा, आणि सगळ्या 40 जणांना फोन करा.

प्रश्न : सहा महिन्यांनी फोन केले. 40 पैकी 26 जण भेटले, त्यातल्या 13 जणांना बढती, पगारवाढ किंवा चांगली नोकरी मिळाली. अहवालात 50 टक्के लिहिलं तर चालेल ना? — समन्वयक, खानापूर

उत्तर : चालणार नाही. ज्याचं भलं झालं तो आनंदानं फोन उचलतो, ज्याचं झालं नाही तो टाळतो. म्हणून भागायचं 40 नंच: 32.5 टक्के. अहवालात सरळ लिहा, ‘40 पैकी 13 जणांची सुधारणा नक्की, 13 जणांची नाही, 14 जणांशी संपर्क झाला नाही.’ एकच दिवस येऊन गेलेला धरायचा की नाही, तेही आधी ठरवून लिहून ठेवा. निकाल बघून ठरवलं की हात आपोआप सोयीच्या बाजूला जातो.

आता हे 14 जण कमी कसे करायचे ते बघा. नोंदणीत दोन नंबर घ्या, दुसरा घरातल्या अशा माणसाचा ज्याचा नंबर सहसा बदलत नाही. मुलींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. बऱ्याचदा दिलेला नंबर भावाचा किंवा वडिलांचा असतो, आणि लग्न होऊन ती कोल्हापूर-सांगलीला गेली की दुवा तुटतो. फोन तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात करा, संध्याकाळी 7 ते 9 किंवा रविवारी सकाळी. दुसऱ्या शिफ्टवाल्याला संध्याकाळी गाठता येणार नाही, तेव्हा शिफ्टही लिहून घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी प्रयत्न झाल्याशिवाय ‘संपर्क नाही’ लिहू नका. फोन शिकवणाऱ्यानं करू नये. सरांना ‘काही फायदा झाला नाही’ असं तोंडावर कोण सांगणार?

पगार विचारताना ‘पॅकेज किती?’ नको, ‘हातात किती पडतात?’ विचारा, आणि राहण्या-जेवणाचा, प्रवासाचा खर्च लगेच पुढं विचारा. समजा मुलगा गावाकडून ये-जा करून 12,000 मिळवत होता, आता पुण्यात 18,000 मिळतात आणि खोली-मेसला 7,000 जातात. हाती 11,000 उरतात. पुढं वाट असेल तर ही सुधारणा असूही शकते, पण तिला ‘50 टक्के पगारवाढ’ म्हणणं खोटं ठरेल.

आणखी एक अडचण कर्नाटकातली. युवानिधी योजनेत बेरोजगार पदवीधराला महिना 3,000 आणि डिप्लोमावाल्याला 1,500 रुपये जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात, नोकरी लागली की बंद. त्यामुळं कामाला लागलेला मुलगाही फोनवर ‘अजून काही नाही’ म्हणू शकतो. सुरुवातीलाच सांगा की ही माहिती संस्थेबाहेर नावानिशी जात नाही, आणि तो शब्द पाळा. अनुदान देणाऱ्याला यादी नव्हे, बेरीज द्या.

प्रश्न : कंपनीचे साहेब म्हणतात, ही मुलं नाहीतरी पुढं गेलीच असती. याला उत्तर काय? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन वर्षं नोकरी झालेल्याला कार्यशाळेविनाही पगारवाढ मिळते. जागा 40 आणि पात्र अर्ज 75 आले, तर चिठ्ठ्या टाका. उरलेल्या 35 जणांना सहा महिन्यांनंतरची तुकडी द्या आणि तोवर त्यांनाही तेच प्रश्न विचारा. समजा आलेल्या 40 पैकी 12 जण पुढं गेले, म्हणजे 30 टक्के, आणि थांबलेल्या 35 पैकी 7, म्हणजे 20 टक्के. त्याच 20 टक्क्यांनी 40 पैकी 8 जण कार्यशाळेविनाही पुढं गेले असते, तर कार्यशाळेच्या नावावर सुमारे 4 जण मांडता येतात, 12 नव्हे. एवढ्या लहान गटात 4 चा फरक योगायोगानंही पडतो, म्हणून तीन-चार तुकड्यांची बेरीज झाल्यावरच ठामपणे बोला. मुलाखत घेऊन ‘होतकरू’ 40 निवडले आणि उरलेल्यांशी तुलना केली तर सगळंच वाया जाईल, कारण फरक तुमच्या निवडीचा असेल.

प्रश्न : आमची मुलं मराठी माध्यमातली. अर्ज कोणत्या भाषेत ठेवावेत? — शिक्षिका, निपाणी

उत्तर : अर्ज आणि फोन मराठीत, ज्यांना कन्नड सोयीचं त्यांना कन्नडमध्ये. प्रश्नच कळला नाही तर उत्तराला काय अर्थ? पण कौशल्याची चाचणी नोकरीच्या भाषेत घ्या. दुकान-कार्यालयात कन्नड लागतं, कारखान्याच्या मुलाखतीत इंग्रजी, तेव्हा सरावाची मुलाखत त्याच भाषेत घेऊन गुण द्या आणि भाषेचे गुण कामाच्या माहितीपासून वेगळ्या रकान्यात ठेवा. काम उत्तम येतं पण कन्नडमध्ये दोन वाक्यांपुढं जाता येत नाही, अशी मुलं त्या दोन रकान्यांत लगेच वेगळी दिसतात. त्यांना बायोडाटा लिहिण्याचा आणखी एक रविवार देऊन उपयोग नाही. त्यांच्यासाठी बोलत्या कन्नडचा वर्ग पुढच्या अनुदानाच्या अर्जात खर्चासह मागा, आणि पुरावा म्हणून हे दोन रकाने जोडा.