प्राणिसंग्रहालयात मोजकेच प्राणी असताना नात्यातल्या नात्यात प्रजनन होणं कसं टाळतात? बाहेरून नवा नर आणला की भागत नाही का?

नवा नर आणणं हे अर्धंच उत्तर आहे. दुसऱ्या संग्रहालयातून आलेला तो नर आणि तुमच्याकडची मादी एकाच आजोबांची नातवंडं असू शकतात. पिंजरा बदलला म्हणून नातं बदलत नाही. म्हणून जोड्या प्रत्येक संग्रहालय आपापल्या पातळीवर ठरवत नाही. एखाद्या जातीचे सगळीकडचे प्राणी मिळून एकच कळप आहे असं धरतात आणि समन्वयक त्या अख्ख्या कळपाचा हिशेब करून शिफारस पाठवतो: अमुक नर तमुक ठिकाणी जाईल, अमुक मादीला यंदा पिल्लं नकोत.

हिशेब चालतो तो स्टडबुकवर, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीवर. प्रत्येक प्राण्याचा क्रमांक, लिंग, आई-बाप, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि तो कुठून कुठे गेला, एवढं त्यात असतं. वन्य जातीचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टडबुक १९३२ साली युरोपियन बायसनचं, म्हणजे गव्यासारख्या रानबैलाचं निघालं. रानातले बायसन तोवर संपले होते, आणि आज आहेत ते सगळे बंदिवासातल्या अवघ्या १२ प्राण्यांचे वंशज आहेत.

वंशावळ जिथून सुरू होते त्या मूळ प्राण्यांना फाउंडर म्हणतात. एकमेकांशी नातं नसलेले २० फाउंडर मिळाले, तर रानातल्या जनुकीय विविधतेपैकी साधारण ९७.५ टक्के हाताशी येते. पाचच मिळाले तरी ९० टक्के. म्हणजे सुरुवात तशी वाईट नसते, घात पुढे होतो. समजा, एका फाउंडर नराला ३० पिल्लं झाली आणि एका फाउंडर मादीला एकच मुलगी. मुलीत आईची निम्मीच जनुकं आलेली असतात. आई मेली की उरलेली निम्मी कायमची गेली. दोन पिल्लं असती तर सरासरी ७५ टक्के वाचली असती, तीन असती तर ८७.५. आणि त्या नराची ३० पिल्लं? पाच-सहानंतरच्या पिल्लांनी जवळजवळ काहीच नवीन आणलं नाही, फक्त जागा अडवली.

हे मोजायला प्रत्येक प्राण्याचं सरासरी नातं काढतात. सख्ख्या भावंडांचं नातं ०.२५, सावत्र भावंडांचं ०.१२५, सख्ख्या चुलत भावंडांचं ०.०६२५. अख्ख्या कळपातल्या प्रत्येकाशी असलेल्या अशा आकड्यांची सरासरी म्हणजे त्या प्राण्याचं सरासरी नातं. ज्याचा आकडा कमी, त्याची जनुकं दुर्मीळ, म्हणून प्रजननात पहिला मान त्याचा. सगळ्या कळपाची सरासरी १ मधून वजा केली की शिल्लक जनुकीय विविधता मिळते. १०० वर्षांनंतरही ती ९० टक्के असावी, हे नेहमीचं उद्दिष्ट. आकडेमोड पीएमएक्ससारखी सॉफ्टवेअर करतात, पण जोडी माणसांनाच लावावी लागते.

इथे एक चूक फार वेळा होते. दुर्मीळ वंशाची मादी आणि बहुप्रसव घराण्यातला धडधाकट नर अशी जोडी लावतात, कारण त्यांचं आपसात नातं नाही आणि पिल्लं हमखास होतील. पण त्या पिल्लांत दुर्मीळ आणि नको तितकी पसरलेली जनुकं एकत्र बांधली जातात. पुढे एक वाढवायला जावं तर दुसरंही वाढतं. म्हणून दोघांचे आकडे एकमेकांच्या जवळचे हवेत, आणि आपसातलं नातंही कमी हवं.

नर-मादीचं प्रमाणही पाहावं लागतं. प्रजनन करणारे १० नर आणि १० माद्या असतील तर परिणामी संख्या, म्हणजे विविधतेच्या हिशेबात खरोखर धरता येणारी डोकी, २० धरतात. २ नर आणि १८ माद्या असतील, तर डोकी तेवढीच, पण परिणामी संख्या ७.२. पहिल्या कळपात पिढीमागे २.५ टक्के विविधता जाते, दुसऱ्यात जवळपास ७ टक्के. हानी वर्षामागे नाही, पिढीमागे होते. परिणामी संख्या ५० असेल तर पिढीला १ टक्का जातो. पिढी ५ वर्षांची असेल तर १०० वर्षांत २० पिढ्या होऊन आधीच्या विविधतेपैकी ८२ टक्के उरते, १० वर्षांची असेल तर ९० टक्के. म्हणून प्रजनन थोडं लांबवणं फायद्याचं.

पण 'थोडं' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हत्ती, चित्ता अशा जातींच्या माद्या फार काळ रिकाम्या राहिल्या तर गर्भाशयात गाठी किंवा इतर विकार होतात आणि त्या पुढे गाभणच राहत नाहीत. कातडीखाली बसवायच्या गर्भनिरोधक इम्प्लांटचं तसंच: त्यातल्या डेस्लोरेलिन या औषधाचा परिणाम कधी ओसरेल ते प्राण्यागणिक बदलतं. आकडा सुधारायच्या नादात नेमकी हवी ती मादी हातची जाते. माझ्या मते या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच.

दुसरी चूक नोंदीतली. कळपात राहणाऱ्या हरणांत किंवा थव्यातल्या पक्ष्यांत बाप कोण हे पाहून कळत नाही. दांडगा दिसतो त्याच नराचं नाव अंदाजाने लिहिलं, की तो अंदाज पुढच्या प्रत्येक पिढीच्या गणितात शिरतो. त्यापेक्षा शक्य असलेल्या सगळ्या नरांची नावं लिहावीत आणि डीएनए तपासणीने निकाल लावावा.

हे सगळं न पाळता फक्त रूप पाहून जोड्या लावल्या तर काय होतं? १९५१ साली रीवाला पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघाची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे झाले. रंग टिकवण्यासाठी पुढेही नात्यातच प्रजनन होत राहिलं. त्यामुळे पांढरा वाघ दाखवून 'आम्ही वाघ वाचवतो' असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. नुकसान केवळ कागदावरचं नसतं: १९७९ मध्ये खुरांच्या प्राण्यांच्या १६ जाती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या १५ जातींत नात्यातून झालेली पिल्लं लहानपणी जास्त प्रमाणात दगावलेली आढळली.

आता तुमचा नवा नर. कागदावर तो योग्य ठरला तरी लगेच मादीजवळ सोडत नाहीत. आधी विलगीकरण आणि रोगतपासणी. मग एकमेकांच्या अंथरुणातलं गवत बदलतात, म्हणजे वासाची ओळख होते. नंतर मध्ये जाळी ठेवून शेजारी ठेवतात, जाळीला अंग घासणं, शांत बसणं दिसलं की थोडा वेळ एकत्र. क्लाउडेड लेपर्डच्या बाबतीत एवढंही पुरत नाही. मोठ्या झालेल्या नराने नव्या मादीला जिवे मारल्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून जोडी वर्षाच्या आतच, बछडी असतानाच लावून एकत्र वाढवतात. म्हणजे नात्याचा सगळा हिशेब पिल्लं दूध पीत असतानाच तयार हवा.