रॉड नंतर, आधी गळ ठरवा

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तळ्याच्या काठावरून बसून मासे धरायचेत, स्वतःचा पहिला सेट घ्यायचाय, आणि ओळखीतल्या कोणीतरी 10 फुटी हेवी रॉड आणि 50 पौंडांची ब्रेडेड लाइन (म्हणजे तेवढा ताण सोसणारा विणलेला दोरा) घ्या म्हणून सांगितलंय. सध्या उसन्या सेटवर दर वेळी आमिष साफ होतं, मासा मात्र लागत नाही.

तो रॉड एवढ्यात घेऊ नका. सल्ला देणारा चुकला असं नाही. तो बहुधा मरळीच्या मागे जाणारा असावा. शेवाळ आणि पाणवनस्पतींच्या गचपणात नकली बेडूक टाकून मरळ धरायची, तर तिला गवतासकट ओढून काढावं लागतं. तिथे जाड ब्रेडेडच हवी. तुम्ही मात्र उघड्या पाण्यात गांडूळ लावून बसणार आहात. तो खेळच वेगळा.

आपण सगळे खरेदी रॉडपासून सुरू करतो, कारण दुकानात तोच आधी नजरेत भरतो. हिशोब उलट्या बाजूने करा. पाण्यात कोणता मासा आहे, तो काय खातो, ते आमिष केवढ्या गळावर नीट बसतं, तो गळ कितीच्या दोऱ्यावर शोभतो, आणि तो दोरा कोणता रॉड सांभाळेल. रॉड शेवटी.

आता आमिष साफ होण्याचं. गळ माशाच्या तोंडापेक्षा मोठा असला की मासे कडेकडेने कुरतडत बसतात. गळाच्या नंबरांची गंमत माहीत नसेल तर सांगतो: 1 च्या पुढे नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे 12 नंबर 6 पेक्षा लहान. पण 1/0, 2/0, 3/0 असं लिहिलं असेल तर आकडा वाढेल तसा गळ मोठा. वीतभर माशांसाठी 10 किंवा 12 नंबर घ्या आणि अख्खं गांडूळ लोंबकळत न ठेवता तुकडा लावा. किलोभराचे कार्प असतील तर 6 किंवा 8. गांडुळातून गळाचं टोक जरासं बाहेर राहू द्या. पिठाच्या मऊ गोळ्यात ते बुडालं तरी चालतं, हिसक्यासरशी गोळा फाटतो. आणि टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघा. रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ बोथट आहे, बदला.

दोरा साधा नायलॉनचा, म्हणजे आपला तंगूस, 8 पौंडांचा. तो ताणला जातो, आणि नवशिक्याचे वेडेवाकडे हिसके तोच पोटात घालतो. ब्रेडेड जवळजवळ ताणली जात नाही. तितक्याच ताकदीला ती बारीक असते, टोचणी लगेच हाताला कळते, पण दगडावर घासली की पटकन जाते. फ्लुरोकार्बनचा दोरा बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो. त्याचा लीडर, म्हणजे गळाजवळचा शेवटचा तुकडा, करा; रीलचा सगळा स्पूल भरायची गरज नाही. या दोऱ्याला 7 फुटी मीडियम रॉड आणि 2500 साइझचं स्पिनिंग रील पुरे.

रील घेतल्यावर ड्रॅग लावायला शिका, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक; हे कोणी सांगत नाही. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्शाएवढ्या ओढीला ड्रॅग सुटावा. 8 पौंडांचा पाव म्हणजे 2 पौंड, साधारण एक किलो. पाण्याने भरलेली 1 लिटरची बाटली दोऱ्याला बांधा, दोरा रॉडच्या कड्यांतून न घेता थेट रीलमधून खाली सोडा आणि रील धरून बाटली उचला. ती सावकाश खाली सरकायला लागली की ड्रॅग बरोबर. धाडकन पडली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

रिग, म्हणजे दोऱ्यावर गळ आणि वजनांची जुळणी, दोनच शिका. पहिली फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवणाऱ्या तरंगकाची. शिशाच्या गोळ्या इतक्या लावा की फ्लोटचं फक्त टोक वर दिसेल, म्हणजे माशाला ओढताना जड जात नाही. खोली मोजायला गळाला एक जड वजन अडकवून टाका: फ्लोट बुडाला तर तळ आणखी खाली आहे, आडवा पडला तर दोरा जास्त सोडलाय. गोळ्या दाताने दाबू नका, शिसं विषारी आहे. हंस मरायला लागले म्हणून इंग्लंडमध्ये 1987 पासून मासेमारीच्या लहान शिशांवर बंदी आहे. पर्यायी वजनं मिळाली तर तीच घ्या.

दुसरी, तळावर खाणाऱ्यांसाठी सरकत्या शिशाची. मुख्य दोऱ्यात आधी भोक असलेलं 10-15 ग्रॅमचं शिसं ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल (दोन्ही टोकांना फिरती कडी असलेला छोटा जोड) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कड्याला हातभर लीडर आणि टोकाला गळ. मासा आमिष घेऊन निघाला की दोरा शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. मणी विसरू नका, नाहीतर शिसं आपटून आपटून गाठ खाऊन टाकतं.

हेअर रिगबद्दलही विचारलंय. 1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ती पुढे आणली. आमिष गळावर न लावता गळामागच्या बारीक दोऱ्याला लटकवायचं. कार्प चोखून बघतो, संशय आला की थुंकतो, आणि थुंकताना मोकळा गळ ओठात बसतो. युक्ती झकास आहे, पण कडक आमिष आणि मोठे कार्प असतील तेव्हाच. तुम्हाला आत्ता नको.

गाठीचं मात्र मनावर घ्या. माझा आजवरचा बहुधा सगळ्यात मोठा मासा काठापासून दोन हातांवर सुटला. दोष द्यायला मी दोरा हातात घेतला, तर त्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं. दोरा तुटला नव्हताच, गाठ सुटली होती. घाईत कोरडीच आवळली होती. तेव्हापासून दोरा दुहेरी करून मारायची पालोमर गाठ मारतो, आवळण्याआधी ओली करतो आणि दोन्ही हातांनी ओढून बघतो. तुमचाही मासा सुटला तर आधी टोक बघा. वळलेलं असेल तर गाठ गेली. खरखरीत, पांढरं पडलेलं असेल तर दोरा कशाला तरी घासला. स्वच्छ कापलेलं असेल तर दात किंवा धारदार दगड. घासलेलं दिसलं तर शेवटचा मीटरभर दोरा बिनदिक्कत कापून टाका आणि नवी गाठ मारा.