लॅपटॉपची निवड मुलीला विचारून केली का?

स. न. वि. वि.

सीईटीत ९४ पर्सेंटाइल मिळवून संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलीसाठी आपण ८ जीबी रॅमचा (चालू कामांसाठी लागणारी तात्पुरती स्मृती) सर्वांत स्वस्त सडपातळ लॅपटॉप हप्त्यांवर घेणार आहात. ‘रॅम लागलीच तर तिसऱ्या वर्षी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून वाढवून घेऊ, पण त्याखेरीज चार वर्षे एक पैसाही मागायचा नाही, असे तिला बजावले आहे,’ असे आपण लिहिता. मला काळजी वाटते ती या बजावण्याची. यंत्र अडू लागले तरी ती मुलगी आपल्याला सांगणार नाही. वर्गातल्या इतरांचे प्रोजेक्ट वेळेत होतात आणि आपले होत नाहीत, याचा अर्थ आपणच कमी पडतो असा ती लावील, आणि तेव्हा तो समज काढून टाकणे नव्या लॅपटॉपपेक्षा अवघड असेल.

रॅम केव्हाही वाढवता येते, हा गैरसमज जुन्या डेस्कटॉपच्या अनुभवातून आला आहे. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावर, सोल्डर केलेल्या (कायमच्या जोडलेल्या) असतात. त्यामुळे जागा आणि वीज वाचते, परंतु नवी पट्टी बसवायला स्लॉटच नसेल तर तपकीर गल्लीतला कुशल कारागीरही काय करणार? त्यातच स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरील चित्रांसाठीही याच ८ जीबीतला वाटा जातो. रॅम भरली की संगणक एसएसडीचा, म्हणजे फाइली साठवण्याच्या जागेचा, आधार घेतो, पण ती रॅमपेक्षा पुष्कळ मंद असल्याने अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर), एम्युलेटर (संगणकावर चालणारा आभासी मोबाइल) आणि ब्राउझर एकत्र चालवताना काम रखडते. ॲपलनेसुद्धा २०२० च्या एम१ मॅकबुक एअर या सडपातळ लॅपटॉपला मूळ ८ जीबी दिली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र एअरची किमान रॅम १६ जीबी केली.

लेखन आणि इंटरनेटपुरता वापर असेल, तर न वाढणारी ८ जीबी चालेल. संगणक अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी मात्र असा लॅपटॉप घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १६ जीबी सोल्डर केलेली असली तरी चालेल, किंवा ८ जीबीसोबत रिकामा स्लॉट असलेले मॉडेल घ्यावे. दुकानदाराच्या शब्दावर न जाता कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची माहिती तपासावी.

पहिल्या वर्षाचे सी किंवा पायथनचे छोटे प्रोग्राम कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करता येतात, त्यामुळे खरेदीला दोन महिने उशीर झाला तरी बिघडत नाही. तेवढ्यात तिला वरच्या वर्गातील मुलामुलींकडे चौकशी करू द्या आणि निवड तिच्याबरोबर बसून करा. पैसे न मागण्याची अट मात्र आजच मागे घ्या.